बाहेरचा कोण? स्थलांतर, व्हिसा आणि बेकायदा वास्तव्य: सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

पासपोर्ट-व्हिसाचे अर्ज भरून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं टेबलापुढं बसतात. अर्ज राहतो बाजूला आणि टीव्हीवर ऐकलेलं विचारत सुटतात. गेल्या दीड-दोन वर्षांत अमेरिकेतून बेड्या घालून परत पाठवलेल्यांच्या बातम्यांमुळं तर प्रश्नांना ऊत आलाय. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ‘बेकायदा स्थलांतरित’ नेमकं कोणाला म्हणायचं?

आपल्या नागरिकत्व कायद्यात, म्हणजे १९५५ च्या कायद्यात, दोन प्रकार येतात. वैध कागदांशिवाय देशात शिरलेला परदेशी, आणि वैध कागदांवर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेला परदेशी. दोन्हीकडे ‘परदेशी’ हा शब्द आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला भारतीय या व्याख्येत कुठंच बसत नाही. अमेरिकेतही हेच दोन प्रकार, पण तिथं त्यांच्यातला फरक जास्त महागात पडतो (प्रश्न १०).

२. आम्ही पिढ्यान् पिढ्या बेळगावात. तरी भांडण झालं की ‘तुमच्या महाराष्ट्रात जावा’ म्हणतात. आम्ही स्थलांतरित धरले जातो का?

नाही. तुम्ही हललाच नाही, हद्द हलली. राज्य पुनर्रचना कायद्यानं १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्याकडं राहिला. तेव्हा शेताचा बांध एका राज्यात आणि सोयरे दुसऱ्या राज्यात, अशी घरं आजही शिनोळीकडं, कोगनोळीकडं हवी तेवढी आहेत. सीमावादावरचा महाजन आयोग १९६६ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. त्या वादाचा निकाल काहीही लागो, तुमच्या नागरिकत्वाशी त्याचा संबंध नाही. कायद्याच्या भाषेत तुम्ही कर्नाटकातले भाषिक अल्पसंख्याक. मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावं यासाठी राज्यघटनेत कलम ३५०-अ आहे.

३. गोव्याला कामाला जायचंय. परवाना लागतो का? तिथं ‘घाटी’ म्हणतात, हाकलू शकतात का?

परवाना लागत नाही आणि हाकलताही येत नाही. देशात कुठंही फिरायचा आणि राहायचा हक्क कलम १९ देतं. मात्र घरमालक तुमची माहिती पोलिसांत देईल, ओळखपत्राची प्रत मागेल. त्यात अपमान मानू नका. कंत्राटदार टोळीनं नेत असेल तर कोणाच्या नावावर नेतोय, मजुरी कुठं ठरली, हे लिहून घ्या. चोर्ला घाटातून पहाटे टेम्पोत बसून जाणाऱ्यांना याच कागदाची गरज पडते, आणि नेमका तोच नसतो.

‘घाटी’ला कायद्यात औषध नाही. पण बीडकडची ऊसतोड टोळी आपल्या कारखान्यावर उतरली की आपणही काय काय बोलतो, तेही आठवावं.

अपवाद एक: अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि २०१९ पासून मणिपूर. तिथं भारतीयालाही इनर लाइन परमिट लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीतल्या मुलाला भेटायला निघालेले आईबाप दिमापूरचं तिकीट काढून मोकळे होतात आणि मग विचारायला येतात. आधी परमिट, मग तिकीट.

४. आमच्या बांधकामावर बंगाली बोलणारे सेंट्रिंगवाले आलेत. बांगलादेशी निघाले तर मालक म्हणून माझ्यावर येईल का?

आधी हे ध्यानात घ्या की बंगाली ही पश्चिम बंगालची भाषा आहे आणि मुर्शिदाबाद, मालदा भागातून बांधकामावर देशभर माणसं जातात. भाषा हा पुरावा नव्हे. २०२५ च्या जूनमध्ये बीरभूम जिल्ह्यातल्या एका गरोदर बाईला दिल्लीत पकडून बांगलादेशात ढकललं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये तिला परत आणावं लागलं. मराठी बोलतो म्हणून आपल्याला कोणी ‘बाहेरचा’ म्हटलं की आपण चवताळतो. मग इथं तोच न्याय नको का?

तुमची जबाबदारी काय? कामगारांची नावं, गावचे पत्ते, ओळखपत्रांच्या प्रती आणि मुकादमाचा नंबर वहीत ठेवा. संशय आलाच तर पोलिसांना कळवा. गल्लीतली चार पोरं घेऊन कागद तपासायला जाऊ नका, तो अधिकार तुम्हाला नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झालाय. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे त्यात गुंडाळले. वैध पासपोर्टशिवाय शिरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुदतीबाहेर राहिल्यास ३ वर्षांपर्यंत. खोटी कागदपत्रं वापरली तर कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ७. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावर, सरकारवर नाही. हे जुन्या कायद्यातही होतं. गरिबाला सगळ्यात जड जाणारं कलम माझ्या मते हेच.

५. खोली परदेशी विद्यार्थ्याला भाड्यानं दिलीय. काय करावं लागतं?

बेळगावात वैद्यकीय शिक्षणाला मलेशियाची मुलं येतात, त्यामुळं हा प्रश्न नेहमीचा. परदेशी पाहुणा राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं. लोक त्याला अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात. लॉजवाल्यांना माहीत असतं, घरगुती खोली देणाऱ्यांना नसतं. व्हिसाची शेवटची तारीख भाडेकराराला जोडून ठेवा.

६. आधार कार्ड असलं की नागरिक झालाच ना?

नाही. आधार वास्तव्यावर मिळतं. बारा महिन्यांत १८२ दिवस राहिलेला परदेशीही ते काढू शकतो, आणि आधारच्या कायद्यातच लिहिलंय की हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. जन्मानं नागरिकत्वाचा हिशेब तारखेवर चालतो. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला तो नागरिक. त्यानंतर आई किंवा बाप यातलं एक भारतीय हवं. ३ डिसेंबर २००४ पासून एक भारतीय हवं आणि दुसरं बेकायदा स्थलांतरित नसावं.

७. नेपाळी वॉचमन, स्वेटर विकणारे तिबेटी, खानापूरच्या रानातले सिद्दी: हे सगळे कायदेशीर कसे?

तिघांची गोष्ट तीन तऱ्हेची.

नेपाळी माणसाला भारतात राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. १९५० चा भारत-नेपाळ करार आहे. मत मात्र देता येत नाही.

तिबेटी हे निर्वासित. आपल्याजवळची त्यांची मोठी वसाहत मुंडगोडला, १९६६ पासून. नोंदणीचा दाखला दर ठरावीक काळानं नवा करून घेतात आणि परदेशी जायला पिवळं ओळखपुस्तक वापरतात. पण त्यांच्यातही प्रश्न ६ मधली तारीख लागू पडते. १९५० ते जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानं भारतीय. आधी दिल्ली आणि मग कर्नाटक उच्च न्यायालयानं हे मान्य केलंय. एकाच घरात थोरला भाऊ भारतीय आणि धाकटा परदेशी, असंही निघतं.

सिद्दी परदेशी नाहीतच. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले ते शतकांपूर्वी. उत्तर कन्नड जिल्ह्यात २००३ ला आणि बेळगाव-धारवाडमध्ये २०२० ला त्यांना अनुसूचित जमातीत घातलं. तरी शहरात आले की ‘कुठल्या देशाचा रे?’ हा प्रश्न ठरलेला. घरात कोकणी-मराठी बोलणाऱ्या माणसाला!

८. सीएए आणि एनआरसी एकच का? आपल्याकडं काही फरक पडतो?

एक नाहीत. २०१९ चा सीएए, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायदा, पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना नागरिकत्वाची वाट देतो. नियम ११ मार्च २०२४ ला आले. मुसलमान त्यात नाहीत, आणि सगळा वाद तिथंच आहे. एक बाजू म्हणते, शेजारच्या मुस्लिम देशांत छळ सोसलेल्यांसाठीच ही सोय. दुसरी म्हणते, धर्म पाहून नागरिकत्व देणं राज्यघटनेत बसत नाही.

एनआरसी म्हणजे नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही. ती झाली फक्त आसामात. तिथली तारीख २४ मार्च १९७१, १९८५ च्या आसाम करारातली. ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीत १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली, आणि त्यांत हिंदूही मोठ्या संख्येनं निघाले. बेळगावात अशी यादी झालेली नाही. तेव्हा ‘कागद गोळा करून देतो, पाच हजार द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत लावा.

९. अमेरिकेत एवढा गोंधळ कशाचा? कायदा एकदाचा सुधारत का नाहीत?

स्थलांतराची कुठलीही सुधारणा घ्या, शेवटी ती एका तारखेवर येऊन अडते. या तारखेआधीचे आत, नंतरचे बाहेर. आसामात १९७१, सीएएत २०१४. अमेरिकेत १९८६ ला रेगन अध्यक्ष असताना कायदा झाला. १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना, शिवाय काही शेतमजुरांना, कायदेशीर करून घेतलं. सुमारे २७ लाख माणसं. बदल्यात बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना शिक्षा ठरली. माफी मिळाली, पण मालकांवरची कारवाई ढिली राहिली आणि बेकायदा संख्या पुन्हा वाढली. तेव्हापासून एक पक्ष ‘माफी’ म्हटलं की बिथरतो. दुसरा पक्ष म्हणतो, वीस-वीस वर्षं शेतात, हॉटेलात राबणाऱ्यांना काढून तिथली कामं कोण करणार?

२०१३ ला सिनेटनं मोठं सुधारणा विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. खालच्या सभागृहानं ते चर्चेलाच घेतलं नाही. लहानपणी आईबापांनी आणलेल्या मुलांसाठी ओबामांनी २०१२ ला डाका योजना आणली. ती कायदा नव्हे, सवलत. कोर्टाच्या तारखांवर अजून तगून आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी मिळून केलेलं सीमा विधेयकही पडलं. मग २०२५ ला ट्रम्प परत आले आणि सुधारणेऐवजी पकडून पाठवण्यावर भर आला. जुलैच्या एका कायद्यात त्या कामाला सुमारे १७० अब्ज डॉलर ठेवले.

किती लोक बेकायदा आहेत यावरही एकमत नाही. प्यू रिसर्च सेंटरचा २०२३ चा अंदाज १ कोटी ४० लाख. त्यांत भारतीय किती? प्यूनं एका वर्षी सव्वासात लाख म्हटलं, तर अमेरिकी सरकारच्या २०२२ च्या अंदाजात २ लाख २० हजार. दोघंही प्रामाणिकच. लपून राहणाऱ्याची शिरगणती अशीच होणार.

१०. मुलगा व्हिजिटर व्हिसावर गेला आणि मुदत संपली तरी तिथंच आहे. डोंगर-नदी ओलांडून गेलेल्यासारखाच गुन्हा का?

नाही. चोरवाटेनं शिरणं हा तिथं फौजदारी गुन्हा, पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद. व्हिसा संपल्यावर राहणं हा गुन्हा नव्हे, पण देशाबाहेर काढायला ते पुरेसं आहे.

खरी मेख १९९६ च्या कायद्यात आहे. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांच्या वर गेलं आणि तो बाहेर पडला तर ३ वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष झालं तर १० वर्षं. म्हणून लोक आजीच्या मयतालाही येत नाहीत.

अमेरिकी नागरिक मुलीशी खरं लग्न झालं, आणि तो व्हिसावर रीतसर शिरलेला असला, तर मुदत संपलेली असूनही सहसा तिथंच राहून ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. चोरवाटेनं गेलेल्याला ही सोय सहसा नाही. त्याला बाहेर यावं लागतं, आणि आला की दहा वर्षांचं कुलूप. खोटं लग्न मात्र कायमचं दार बंद करतं. असल्या केसमध्ये माझ्यासारख्या अर्ज भरणाऱ्याला विचारू नका, तिथला परवानाधारक वकील गाठा.

११. एजंट म्हणतो पन्नास लाख द्या, मेक्सिकोमार्गे पोचवतो. आपल्या भागातलं कोणी जातं का?

‘डंकी’चा रस्ता मुख्यतः पंजाब, हरियाणा, गुजरातचा. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ जणांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत महाराष्ट्राचे ३ होते. म्हणजे हे वारं आपल्याकडं येतच नाही असं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्या डिंगुचा गावचं एक कुटुंब, नवरा-बायको आणि दोन लेकरं, कॅनडाच्या हद्दीवरच्या बर्फात गोठून मेलं. धाकटा तीन वर्षांचा. त्यांना नेणाऱ्या साखळीतल्या दोघांना अमेरिकेत २०२४ ला दोषी ठरवलं. ऊसाचं शेत गहाण टाकून जायच्या विचारात असलेल्या एका बापाला मी ही बातमी फोनवर दाखवली. त्यानं तापमानाचा आकडा दोनदा वाचला, आणि पुढं काही विचारलं नाही.

१२. मुलगी एच-वन-बीवर आहे. तिचं काय?

एच-वन-बी म्हणजे अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा. ती पूर्ण कायदेशीर. नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला ६० दिवस. वर्षाला असे ६५ हजार व्हिसा आणि तिथं मास्टर्स केलेल्यांना आणखी २० हजार, अशी मर्यादा. सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरून नव्यानं बोलावायच्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावलंय, आणि त्यावर कोर्टात वाद सुरू झाले.

ग्रीन कार्डची रांग हा वेगळाच छळ. नोकरीवरची कार्डं वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाही. भारत असो की आइसलँड, नियम एकच. त्यामुळं नियमानं गेलेली आपली माणसं दशकं थांबतात. त्यांना ‘माफी’ हा शब्द का झोंबतो, हे त्यात कळतं.

१३. तिथं जन्मलेलं बाळ आपोआप अमेरिकी ना?

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १८९८ च्या वाँग किम आर्क निकालापासून तसंच मानलं जातं. आईबाप बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असतील तर ते मानू नये, असा आदेश ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला काढला. खालच्या न्यायालयांनी तो रोखला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बाळंतपणाला तिकडं जायचा बेत असेल तर व्हिसा मुलाखतीतच अडकाल.

१४. गल्फला व्हिजिट व्हिसावर जाऊन नोकरी धरली तर?

धरू नका. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे कामाला जायच्या आधी सरकारी मंजुरी लागते अशी नोंद. सौदी, कतार, ओमान, यूएई (दुबई वगैरे) यांसह १८ देशांत कामाला जाताना त्याला सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरून मंजुरी घ्यावी लागते. ती चुकवायला एजंट व्हिजिट व्हिसा देतात. मग पगार बुडाला तरी तक्रार करायला तोंड राहत नाही, कारण तुम्हीच बेकायदा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क ३० हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. दीड लाख मागणारा कुठल्या कागदावर मागतोय, ते विचारा. पासपोर्ट मालकानं काढून घेतला असेल, मुदत उलटली असेल, तर दूतावास गाठा आणि माफीच्या मुदतीवर डोळा ठेवा. यूएईनं २०२४ च्या सप्टेंबर ते डिसेंबर अशी दिली होती.

१५. आजोबांचा जन्म गोव्यातला. पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर बेळगावचं मतदान, रेशन तसंच राहील का?

राहणार नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये नोंद करून नागरिकत्व मागता येतं. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं. भारतीय पासपोर्ट परत करायचा, मतदार यादीतून नाव काढायचं आणि ओसीआय कार्ड, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड, करायचं. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवणारे आहेत. विमानतळावर सापडेपर्यंत सगळे शहाणे असतात. शिवाय लोकांना हवं असायचं ते लिस्बन नव्हे, लंडन, आणि तो रस्ता ब्रेक्झिटमुळं २०२० च्या डिसेंबरअखेर बंद झालाय.

१६. शाळेच्या दाखल्यावर ‘पाटील एस. बी.’, आधारवर ‘संभाजी बाळू पाटील’. पासपोर्टला चालेल का?

सीमाभागाचा हा खास आजार. कर्नाटकच्या दाखल्यांत आद्याक्षरं, महाराष्ट्राच्या पद्धतीत बापाचं नाव मधे. वर कन्नडमधून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर वाढतं किंवा गळतं. असं नाव पुढं परदेशात ‘हा माणूस तो नव्हेच’ इथपर्यंत जातं. आधी शाळेतून नावाचा विस्तार दुरुस्त करून घ्या. नसेल होत तर प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातली जाहिरात. मग आधार आणि शेवटी पासपोर्ट, याच क्रमानं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी फक्त जन्मदाखलाच चालतो.

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडची एक मावशी आली. लेकीकडं मस्कतला जायचं होतं. शाळेचा दाखला चंदगडचा, माहेरच्या नावाचा. रेशनकार्ड कर्नाटकचं, नवऱ्याच्या नावाचं. आधारवर जन्माचं वर्ष तिसरंच. तिन्ही कागद तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाली, ‘यातली मी कुठली धरू, दादा?’ नावं जुळवायला पाच महिने लागले.